रात्री मोटार चालू का झाली नाही?

भोकरच्या शिवारात रब्बीच्या दिवसांत रात्रपाळीची थ्री फेज लाईट आली, की आखाड्यावर कुणी नसतानाही विहिरीवरची मोटार पाणी ओढू लागते. हे काम पेटीतला ऑटो स्विच करतो. गव्हाला पाणी द्यायचं, पण त्यासाठी अंधारात साप-विंचवातून जायचं नाही, एवढ्यासाठी तो बसवलेला असतो. आणि मग एखाद्या सकाळी दिसतं, की लाईट रात्रभर होती, पाट मात्र कोरडा.

अशा वेळी पेटीत काय घडलेलं असतं, हे पाहण्यासारखं आहे. हिरवं बटण दाबलं की स्टार्टरमधल्या नो-व्होल्ट कॉइलमधून वीज जाते, कॉइलचं चुंबक होतं आणि ते कॉन्टॅक्ट ओढून धरतं. लाईट गेली की पकड सुटते. लाईट परत आली तरी ती आपोआप जुळत नाही. ही मुद्दाम केलेली सोय आहे. पंप खोलून बसलेल्या माणसाच्या हातात पंखा अचानक फिरू नये. ऑटो स्विच नेमकी हीच अट बाजूला सारतो. लाईट आल्यावर थोडा थांबतो आणि माणसाच्या बोटाऐवजी स्वतः कॉइलला वीज देतो.

मग बिघाड कुठे? आधी कान द्यावा. कॉइलला बहुधा तीनपैकी दोनच फेज जोडलेले असतात. त्यातला एक गेला असेल तर पेटीतून ‘टक्’ आवाजही येत नाही. गेलेला फेज तिसरा असेल, तर कॉइल खुशाल ओढते, ‘टक्’ होतं आणि मोटार जागच्या जागी घुमू लागते. फिरत मात्र नाही. एका आवाजावरून कोणता फेज गेला याचा अंदाज बांधता येतो, याचं मला कितीही वेळा पाहिलं तरी नवल वाटतं.

ती फिरत का नाही, याचं उत्तर तर त्याहून सुंदर आहे. मोटारीच्या फिरत्या भागाला एकही वायर जोडलेली नसते. बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांत तीन फेज एकामागून एक चढतात-उतरतात आणि त्यातून एक फिरतं चुंबकक्षेत्र तयार होतं. आतला रोटर त्याच्यामागे ओढला जातो. 50 हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांच्या मोटारीत हे क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेतं. अभियंता दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने 1889 साली घडवलेली थ्री फेज मोटार याच तत्त्वावर चालली. एक फेज गेला की क्षेत्र फिरायचं थांबतं, नुसतं मागेपुढे हलतं. रोटरला दिशाच कळत नाही. वेटोळ्यांत मात्र भरमसाट करंट जात राहतो.

इथे ओव्हरलोड रिले धावून येतो. त्यात दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि कॉइलची वीज तोडते. आता ऑटोने रात्रभर हाक मारली तरी ती कॉइलपर्यंत पोचत नाही. कोरड्या पाटाचा पुष्कळदा हाच अर्थ असतो: रिलेने वाइंडिंग वाचवलं. तो काढून थेट जोडणी करणं म्हणजे मोटार जाळायला काढणं.

माणसाशिवाय आपोआप सुरू होणं आणि कधी न होणं, संगणकांच्या जगातही हेच चालतं. 1979 च्या युनिक्समधला ठरल्या वेळी कामं सुरू करणारा ‘क्रॉन’ हा प्रोग्रॅम तक्ता वाचायचा, या मिनिटाचं काम असेल तर करायचा आणि मिनिटभर झोपायचा. आजच्या लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा ‘सिस्टमडी’ एखादी सेवा 10 सेकंदांत 5 वेळा सुरू होऊन पडली, तर सहसा पुढचा प्रयत्नच नाकारतो. म्हणजे रिलेच! विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये तर ‘लॅपटॉप चार्जिंगला असेल तरच काम सुरू करा’ ही खूण आधीपासूनच केलेली असते. लाईट गेलेल्या रात्री बॅकअप होत नाही आणि सकाळी लोक प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसतात. कधी वीज अचानक गेल्यामुळे सेवेची ‘मी चालू आहे’ असं सांगणारी फाईल मागे राहते. लाईट आल्यावर सेवा ती वाचते, आपण आधीच चालू आहोत असं समजते आणि सुरूच होत नाही.

एक दुखणं दोन्हीकडे अगदी सारखं आहे. थेट सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सातपट करंट घेते. एका डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) सगळ्या ऑटोंनी एकाच क्षणी मोटारी ओढल्या, की डीओ (तिथला फ्यूज) उडतो नाहीतर डीपी जळते. म्हणूनच महावितरण ऑटो काढून कॅपॅसिटर बसवण्याचं आवाहन करत आलं आहे. हजारो संगणकांनी मध्यरात्री ठीक बारा वाजता एकाच सर्व्हरकडे धाव घेतली, तर तोही असाच कोलमडतो. त्यावर तिथे साधा उपाय आहे: प्रत्येकाने थोडं वेगवेगळं थांबून सुरू व्हायचं.

महावितरणचं म्हणणं बरोबर आहे. पण रात्रीचं पाणी सुटल्याशिवाय ऑटो सुटणार नाही, हेही तितकंच खरं. दिवसा सौर वीज देणाऱ्या कृषी वाहिन्या म्हणूनच लवकर गावोगाव पोचायला हव्यात. तोवर ज्यांच्या पेटीत ऑटो आहे त्यांनी एवढं करावं. मोटार चालू झाली नाही तर हिरवं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. आधी तिन्ही फेजचे दिवे बघा, आवाज ऐका. रिले पडला असेल तर मेन बंद करून तो थंड होऊ द्या आणि कारण सापडल्यावरच रिसेट करा. कारण सापडलं नाही तर वायरमनला बोलवा.