पुणतांब्याची गोदावरी आणि आशियाचा अभ्यास

दौंड-मनमाड मार्गावर शिर्डीचा फाटा जिथे फुटतो, ते गोदाकाठचं पुणतांबा. चांगदेवांची समाधी इथलीच. 2017च्या शेतकरी संपाची हाकही इथूनच गेली. परदेशी विद्यापीठांत ज्याला 'आशिया अभ्यास' म्हणतात, तो अशाच ऐवजावर चालतो: पोथी, नदी, यात्रा, आंदोलन.

परदेशी अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांच्या धार्मिक अर्थांवर 1995मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला, शं. गो. तुळपुळे यांच्यासोबत जुन्या मराठीचा कोशही केला. तशाच परदेशी अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर 1969मध्ये पीएच.डी. मिळवली. दोघींनाही मराठी शिकावी लागली. आपल्याला ती आयती मिळालेली, आणि आपणच तिला करिअरच्या हिशेबात धरत नाही!

नुसत्या 'आशिया अभ्यासा'वर नोकरी मिळते, हा गैरसमज मात्र काढून टाकावा. नेमणूक बहुधा इतिहास, धर्म, मानववंशशास्त्र किंवा भाषा विभागात होते, म्हणून मूळ विषय पक्का हवा. पीएच.डी.ला पाच-सात वर्षं सहज जातात आणि कायम नोकऱ्या थोड्याच. मोडी किंवा फारसी येत असेल, तर जुनी दप्तरं थेट वाचता येतात. मोडीसाठी पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. चौकशी तिथून सुरू करा.