जुन्या खरेदीखतांतून जमिनीचा माग

शेत कोणाचे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याचे शेत, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु त्याच शेतावर शंभर वर्षांपूर्वी कोणाचे नाव होते, दोनशे वर्षांपूर्वी कोणाचे होते, आणि ते नाव बदलले तेव्हा तेथे कोण कोण हजर होते, असे विचारू लागलो म्हणजे मोठे मोठे जाणतेही गप्प होतात. मग उत्तरासाठी कागदांकडेच जावे लागते.

आपण तारनाक्याच्या आसपास राहणारी मराठी मंडळी या बाबतीत एका अर्थी भाग्यवान आहोत. राज्याचे अभिलेखागार येथेच, आपल्या तारनाक्यावर आहे. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या कारभाराचे दीड लाखांवर फारसी कागद त्यात जतन केलेले आहेत. हे कागद पूर्वी औरंगाबादेच्या किल्लेअर्कात पडून होते. तेथून ते हैदराबादेस आले. त्यांतील निवडक कागद डॉ. युसूफ हुसेन खान यांनी संपादित करून १९५० पासून ग्रंथरूपाने प्रसिद्धही केले. त्यांच्या जोडीला निजामाच्या राजवटीतील जमाबंदीचे, जहागिरींचे आणि इनामांचे दप्तर आहे. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद, १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेले. जमिनी अर्थातच जागच्या जागी राहिल्या. वरिष्ठ कचेऱ्यांचे पुष्कळसे जुने दप्तर मात्र हैदराबादेतच राहिले. म्हणूनच २०२३ साली, मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला निजामकालीन कागदांसाठी हैदराबाद गाठावे लागले. जुन्या रुमालात बांधलेला कागद कोणाच्या जिवाशी केव्हा येऊन भिडेल, हे सांगता येत नाही.

आता हा माग काढावयाचा कसा? समजा, परभणीकडील एखाद्या कुटुंबाला आपल्या शेताची हकीकत पाहिजे आहे. प्रथम नियम असा की, शोध आजपासून मागे न्यावयाचा. पुष्कळ लोक आरंभ करतात तो एखाद्या पराक्रमी मूळपुरुषापासून, आणि मग त्याला आपल्या शेतापर्यंत ओढून आणू पाहतात. अशा लोकांना कागद बहुधा निराश करतात. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात. फेरफाराच्या नोंदवहीत तो क्रमांक काढला म्हणजे नाव कशामुळे बदलले ते कळते: वारसाने, वाटणीने, बक्षीसपत्राने, कोर्टाच्या हुकुमाने की खरेदीने. खरेदी असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखताची नक्कल मिळू शकते. त्यात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी दोन नावे असतात. आजच्या शोधातील लिहून देणारा हा त्याच्या आधीच्या शोधातील लिहून घेणारा होय. अशी एकेक कडी मागे जोडीत जावयाचे. जेथे कडी तुटते तेथे बहुधा कोणी तरी मरण पावलेले असते, आणि जमीन विक्रीने नव्हे तर वारसाने गेलेली असते.

मराठवाड्यात या वाटेवर एक मोठा टप्पा लागतो तो १९५४-५५ च्या खासरा पहाणीचा. त्याच्या मागे निजामी अमलातील सेतवार, फैसलपट्टी आणि पहाणीपत्रके. त्यांतील ‘पट्टेदार’ म्हणजे सरकारात ज्याच्या नावाने सारा भरला जातो तो, आणि ‘शिकमीदार’ म्हणजे त्याच्या पोटात असलेला हिस्सेदार. हे दोन शब्द नीट ओळखता आले नाहीत तर भावाला कूळ आणि कुळाला भाऊ समजण्याची पाळी येते. निजामी कागदांवरील साल फसली असते. त्यात ५९० मिळविले की इसवी सन निघतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. याच फसली सनाचा नियम लागू होऊन १५ ऑगस्ट १९४९ रोजी हैदराबाद राज्यातील जहागिरी संपल्या. भाषेचेही तसेच. १८८४ च्या सुमारापर्यंत सरकारदरबारी फारसी, त्यानंतर उर्दू, आणि गावपातळीवर कुळकर्ण्याच्या, म्हणजे इकडच्या भाषेत पटवाऱ्याच्या, हातची मोडी मराठी. फारसी कागद शिकस्ता वळणाचे असतात. त्यात लेखक घाईघाईने अक्षरांवरचे नुक्तेही गाळून टाकतो. एकाच शेताच्या शोधासाठी तीन लिप्यांच्या दारात उभे राहावे लागते ते असे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात निजामी मुलखात मोजणी झाली आणि शेतांना सर्व्हे नंबर मिळाले. त्याच्या मागे गेलो की नंबर नाहीसा होतो, आणि शेताला नाव येते. एकर-गुंठेही जातात, त्यांच्या जागी बिघे आणि चावर येतात. वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर, असे हे कोष्टक. यावरून एक गंमत ध्यानात ठेवावी. मोजणीच्या पूर्वीची तारीख असलेल्या कागदात जर सर्व्हे नंबर आणि गुंठे दिसले, तर तो कागद मागाहून रचलेला आहे, असे समजण्यास हरकत नाही. जमिनीच्या लोभाने बनावट कागद करणारे पूर्वीही होते. परंतु खोटे लिहिणाऱ्याला आपल्या काळातील शब्द विसरता येत नाहीत.

मोडी कागदांवर पुष्कळदा सुहूर सन असतो, आणि तो आकड्यांऐवजी अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. पुढे सितैन म्हणजे साठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळविले की १७६० येते. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेस ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, ही याच ११६१ सालातली. विद्यार्थ्यांनी हे कोष्टक वहीत उतरून घेतले तर त्यांना अर्धी मोडी आल्यासारखी होईल.

जुने खरेदीखत हाती आले म्हणजे सामान्य वाचकाची नजर किमतीकडे जाते. माझ्या मते ती सर्वांत कमी बोलकी ओळ होय. त्याऐवजी आधी पाहावे विक्रीचे कारण. दुष्काळ पडला, सरकारचा सारा थकला, सावकाराचे देणे वाढले, मुलीचे लग्न निघाले, असे काही तरी तेथे लिहिलेले असते. कारण वंशपरंपरेची मिरास उगीच विकणे हे लोकांत बरे दिसत नसे. मिरास म्हणजे शेतावरचा वंशपरंपरेचा कायम हक्क. मिरासदाराचे नाव पुसून टाकणे इतके अवघड असे की, त्याचे कुळ निपुत्रिक जाऊन संपले तरी गावाच्या थळझाड्यात त्या जमिनीला त्याच घराण्याचे थळ म्हणत, आणि तिची नोंद ‘गतकुळ’ म्हणून होई. मराठी मुलखातील जुनी गावे अशा थळांनी भरलेली होती. ज्या घराण्याचा एकही माणूस उरला नाही, त्याचे नाव मातीने धरून ठेवले होते.

कारणानंतर संमती. भाऊबंदांना विचारल्यावाचून मिरास विकली तर पुढे कज्जा उभा राही. म्हणून भाऊ, पुतणे, क्वचित विधवा भावजय यांची नावे कागदात येतात. उद्या कोणी हरकत घेतली तर तिचे निवारण आम्ही करू, असे लिहून देणारा कबूल करतो. शेवटी साक्षी. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे लोक हजर असत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी काढीत. कुणब्याचा नांगर आणि स्त्रीची बांगडी अशा या निशाण्या. काळ्या शाईत काढलेली ती बांगडी म्हणजे एखाद्या बाईने इतिहासात उमटविलेली एकुलती एक खूण असण्याचा संभव आहे. तंटा मोठा असेल तर गोतसभा भरे आणि तिच्या निर्णयाचा महजर होई. वि. का. राजवाडे यांनी घराघरांतून, माळ्यांवरून आणि बाजारातील रद्दीतून जे कागद वाचविले, त्यांत असे पुष्कळ आहेत.

आता चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पांढरीची वाट, उत्तरेस चिंच, अशा शब्दांत शेताची हद्द सांगितलेली असते. जगभर हीच रीत होती. अमेरिकेत पूर्वेकडील जुन्या वसाहतींत खरेदीखते अशीच आहेत: अमक्या ओक वृक्षापासून तमक्या खडकापर्यंत, तेथून नाल्याच्या काठाने. १७८५ च्या कायद्यानंतर तेथे पश्चिमेकडील नव्या मुलखाचे सहा मैलांचे चौरस पाडले गेले आणि ६४० एकरांचा एकेक विभाग विकण्यात आला. म्हणून तेथील शोधकालाही आपल्यासारखेच दोन जगांत हिंडावे लागते, एक झाडांचे आणि दुसरे नंबरांचे. तेथील गावकचेऱ्यांतही विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन याद्या असतात, आणि त्या कड्या जोडीतच लोक मागे जातात. परंतु सर्वांत पहिली कडी बहुधा सापडत नाही. डच लोकांनी मॅनहॅटन बेट ६० गिल्डरांना विकत घेतले, ही गोष्ट पुस्तकांतून प्रसिद्ध आहे. तिचे खरेदीखत उपलब्ध नाही. नोव्हेंबर १६२६ मधील एका डच अधिकाऱ्याच्या पत्रात तेवढा उल्लेख आहे. विकणाऱ्या मूळ रहिवाशांची जमिनीविषयीची कल्पनाच निराळी होती; त्यांनी काय दिले असे त्यांना वाटत होते, हे त्या पत्रात नाही.

आम्हा कोकणी माणसांना ही अडचण लवकर समजते. गोव्यात गावाची जमीन एकट्याची नसे, गावकारीची असे. शेते गावकारी लिलावाने कसायला देई आणि उरलेल्या उत्पन्नातून गावकारांना झोण मिळे. पोर्तुगीजांनी १५२६ साली या गावकारीचे रीतिरिवाज लेखी नोंदविले. तेथे ‘हे शेत कोणाचे’ असे विचारले तर गावाचे नाव सांगावे लागते. खरेदीखतांच्या कड्या जोडीत जाणाऱ्याला गावकारीची जमीन त्या साखळीत सापडावयाचीच नाही.

आपल्याकडील खरेदीखतांतही अशी माणसे आहेत की जी घेणारीही नाहीत आणि देणारीही नाहीत. शेत प्रत्यक्ष कसणारा उपरी, म्हणजे बाहेरून आलेले कूळ, याचे नाव विक्रीच्या कागदात क्वचितच येते. त्याला शोधावयाचे तर चतुःसीमेतच. ‘पूर्वेस महारांची हाडकी’ एवढे चार-दोन शब्द कोठे तरी असतात, आणि त्यावरून कळते की, गावाच्या सेवेबद्दल महारांना दिलेली इनाम जमीन त्या बाजूस होती. विशेष असे की, शिवेचा तंटा पडला तर गाव ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवी तो बहुधा महारच असे. शीव कोठून कोठे जाते हे त्याला ठाऊक असे, आणि तो चालत जाऊन ती दाखवी. ज्यांच्या नावाची खरेदीखते जवळजवळ नाहीत, त्यांच्याच पावलांवर इतरांच्या खरेदीखतांतील हद्दी उभ्या होत्या. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने संरक्षित कुळांच्या याद्या तयार झाल्या, तेव्हा कसणाऱ्यांपैकी अनेकांचे नाव जमिनीच्या संदर्भात प्रथमच सरकारी कागदावर आले. ज्यांचे नाव त्या यादीतून राहून गेले, त्यांच्या मुलांना पुढे कोर्टात आपला बाप तेथे नांगर धरीत होता हे सिद्ध करण्यासाठी साक्षीदार शोधावे लागले.

राहता राहिला प्रश्न नावाच्या शेताची नंबराच्या शेताशी गाठ कशी घालावयाची हा. मोडी कागदात ‘वडाचे शेत’ किंवा ‘खालची पट्टी’ असते, सेतवारात नुसता आकडा. गाव-नकाशावर ओढा आणि वाट सापडतात, कारण ती फारशी हलत नाहीत; झाड मात्र केव्हाच गेलेले असते. अशा वेळी गावातील वृद्ध माणसेच उपयोगी पडतात. वड पडून पन्नास वर्षे झाली तरी त्या तुकड्याला ती वडाचे शेतच म्हणतात. ज्या घरांत अशी आजी-आजोबा मंडळी आहेत, त्यांनी शेतांची नावे विचारून नंबरांसमोर लिहून ठेवावीत; नंबर सातबाऱ्यावर मिळेल, नावे तेथे पुष्कळदा लिहिलेली नसतात.