टीका कुणाची, हेतू कुणाचा?

सत्तेवर बोट ठेवणाऱ्याला सत्ताधारी सहसा उत्तर देत नाहीत, ते उलट विचारतात, "ह्यात तुमचा हेतू काय?" ह्या प्रश्नाचा इतिहास आम्हां वर्धेकरांना फार दूर शोधावा लागत नाही.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यास ठराव केला, की इंग्रजांनी हिंदुस्थानातून सत्ता काढून घ्यावी. युद्धात अडथळा आणण्याची वा जपानला उत्तेजन देण्याची आमची इच्छा नाही, हेही त्यात स्पष्ट होते. तरी १९४३ साली सरकारने पुस्तिका काढून गांधीजींवर जपानशी तडजोड करू पाहिल्याचा आरोप ठेवलाच! परक्यांचे राज्य न्याय्य की अन्याय्य, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

स्वराज्यात तरी ही रीत बदलली काय? जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, जयप्रकाशजी तुरुंगात गेले, आणि टीकाकार सत्तेला हपापलेले आहेत असे सांगण्यात येऊ लागले. आमच्या वॉर्डातील एक मास्तर स्थानबद्ध झाले. "पक्षाचा माणूस, राजकारणच केले असणार," एवढे म्हणून शेजारी मोकळे झाले. त्यांच्या घरची चूल कशी पेटते, हे कुणी विचारले नाही.

त्याच वेळी पवनारला विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्यांनी लिहिलेले 'अनुशासन पर्व' हे शब्द सरकारने उचलले आणि भिंतीभिंतींवर रंगवले. डिसेंबरात मौन सुटताच विनोबांनी खुलासा केला : आचार्यांचे असते ते अनुशासन, सत्ताधाऱ्यांचे ते शासन. जानेवारी १९७६ मध्ये पवनारच्या आचार्य-संमेलनाने स्थानबद्धांना सोडण्याचा सल्ला दिला. तो मात्र कुठल्या भिंतीवर चढला नाही. जूनमध्ये गोवधबंदीसाठी विनोबांच्या उपोषणाची घोषणा छापली म्हणून 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले. काल ज्याच्या शब्दांची जाहिरात, आज त्याचेच शब्द जप्त! मग हेतू कुणाचा तपासायचा?

टीकाकारही सारेच सोवळे नव्हते. १९७७ मध्ये जनता सरकारने काँग्रेसची सत्ता गेली म्हणून नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या. १९८० मध्ये सत्तेवर परतलेल्या काँग्रेसनेही नऊ बरखास्त केल्या, त्यांत आपला महाराष्ट्रही होता. दोन्ही वेळी लोकशाहीच्या नावाने हाकाटी झाली; हाकाटी करणारी तोंडे तेवढी बदलली. उलट पु. ल. देशपांडे १९७७ च्या प्रचारात उतरले, आणि विजयानंतर कुठलीही खुर्ची न मागता आपल्या कामाला लागले.

मला वाटते, टीका ऐकली की आधी ती खरी आहे का, हे पाहावे. वैद्य लोभी असला, म्हणून रोग्याचा ताप खोटा ठरत नाही. हेतूची परीक्षा नंतर करावी, आणि तिला थोडा धीर लागतो : टीकाकाराच्या बाजूचे लोक गादीवर बसू द्यावेत, मग तो काय बोलतो ते ऐकावे. दरम्यान मात्र कुणी मास्तर तुरुंगात गेला, तर त्याचा पक्ष कोणता हे विचारण्याआधी त्याच्या घरी जाऊन यावे.