अळूचं पान गुळगुळीत नसतं!

पावसाळा तोंडावर आला की गाडीला कोटिंग करून देणारा कुणीतरी हे वाक्य टाकतोच : "साहेब, कमळाच्या पानासारखं गुळगुळीत करून देतो, पाणी थांबणारच नाही." परवा सोसायटीतल्या एका इंजिनिअरनेही तेच ऐकवलं, तेव्हा मात्र राहवलं नाही.

कमळाचं पान गुळगुळीत नसतं. अळूचंही नाही. मंडईतून अळूची जुडी आणा आणि एका पानावर पाणी शिंपडा, थेंब टपोऱ्या मोत्यांसारखे पळतील. आता तीच जागा अंगठ्याने जोरात घासा. पान तुकतुकीत होईल आणि पाणी तिथेच चिकटून बसेल. घासून सपाट झालेल्या जागी तर ते आणखी पळायला हवं होतं ना?

या पानांवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाची त्याहून बारीक नक्षी. थेंब फक्त शेंड्यांवर टेकतो, खालच्या खाचांत हवा राहते. बॉन विद्यापीठाच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये 'प्लांटा' या नियतकालिकात हे मांडलं. त्यांच्या नमुन्यांत कमळाबरोबर चक्क अळूही होता. पाण्याने धूळ निघून गेली ती या खडबडीत पानांवरून; मॅग्नोलियासारख्या गुळगुळीत पानांवर ती बरीचशी तशीच राहिली.

आकडाच हवा? थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन अळू-कमळावर सुमारे १६० अंश असतो. सपाट पृष्ठभागावर तो १२० च्या आसपास अडतो, मग वरचं रसायन कितीही महाग असो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुजित घोष यांच्या गटाने २०१६ मध्ये समुद्रावरचा तेलतवंग टिपण्यासाठी फ्लोरिनयुक्त पदार्थ बनवला, त्याचा कोन १७६ अंश. तिथवर नुसत्या फ्लोरिनने पोचता येत नाही, पृष्ठभाग खडबडीतच लागतो.

बाकीचे गैरसमज चटकन उरकतो. रेनकोट पानासारखा असतो? नाही, बहुतेकांत साधा प्लॅस्टिकचा थर असतो. असं कोटिंग कायम टिकतं? घासलं की जातं. पान निदान नवं मेण तयार करतं. साबणाच्या पाण्यालाही पान दाद देत नाही? अळूवर घालून पाहा, पसरतं.

आणि कोटिंगवाला पुन्हा भेटला, तर कोन किती अंश ते पावतीवर लिहून मागा.