गाडीचा रंग उडालाय? रंगकामाचे पैसे मोजण्याआधी हे तपासा

अहिल्यानगर : दारात उभी असलेली एमएच १६ किंवा एमएच १७ ची जुनी गाडी. इंजिन ठणठणीत, टायर बरे, पण टप आणि बोनेट पांढुरकं पडलेलं. विकायला काढली तर गिऱ्हाईक रंगावर बोट ठेवून भाव पाडतं, आणि गॅरेजवाला सांगतो, "पूर्ण रंगवावी लागेल." पण प्रत्येक फिकी गाडी रंगवायची गरज नसते. बऱ्याच वेळा रंग गेलेला नसतो, त्याचा फक्त वरचा पापुद्रा मेलेला असतो. हा फरक घरच्या घरी ओळखता येतो.

रंग फिका का पडतो?

गाडीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात. गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला 'क्लिअर कोट' म्हणतात. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. चकाकी त्याचीच असते. काही जुन्या गाड्यांच्या साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगावर मात्र हा थर नसतो. म्हणूनच जुनी लाल गाडी उन्हात गुलाबी पडलेली दिसते.

ऊन सगळ्यात जास्त टप आणि बोनेटवर पडतं, त्यामुळे हेच भाग आधी जातात. दरवाजे तुलनेनं टिकतात. आपल्या जिल्ह्यात त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडते.

पहिली धूळ. सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसली की तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते. उन्हात गोल गोल जाळीसारखे ओरखडे दिसतात ते यामुळेच.

दुसरी गोष्ट बोअरचं क्षाराचं पाणी. गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की पाणी उडतं, क्षार राहतात आणि पांढरे डाग बसतात.

तिसरी गोष्ट गळीत हंगामातली राख. राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगाव या ऊसपट्ट्यात ती ओळखीची आहे. बगॅसच्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूतलाच घटक असतो. ती हातानं झाडली की रंग खरवडला जातो. गाडी लिंबाखाली लावली तर पाखरांच्या विष्ठेचे डाग वेगळेच.

आधी ही तपासणी करा

गाडी सावलीत घ्या, स्वच्छ धुवा आणि पुसून घ्या. मग तीन गोष्टी बघा.

१) टपावर किंवा बोनेटवर नकाशासारखे पांढरे चट्टे आहेत का? त्यांच्या कडा नखाला लागतात का, पापुद्रे निघतात का? तसं असेल तर क्लिअर कोट सुटलाय. तिथं कुठलंही पॉलिश चालणार नाही, तो भाग रंगवावाच लागतो.

२) रंगाखाली फुगे आलेत का? तो गंज आहे. आधी गंज काढायचा, मग रंग.

३) यातलं काही नसेल, नुसता निस्तेजपणा असेल, तर बोनेटच्या कोपऱ्यात वीतभर जागा निवडा. पांढऱ्या मऊ कापडावर थोडं बारीक कंपाउंड घ्या आणि हलक्या हातानं दोन-तीन मिनिटं फिरवा. चकाकी आली तर गाडी पॉलिशनं सुधारण्यासारखी आहे. कापडावर गाडीचा रंग उतरला तर मात्र सावध व्हा. मेटॅलिक रंगाच्या गाडीत याचा अर्थ क्लिअर कोट संपलाय, लगेच थांबा. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या साध्या रंगात थोडा रंग उतरतोच, तिथं जपून पुढं जाता येतं.

काम कसं करायचं?

पॅनेल हाताला थंड लागलं पाहिजे. भर उन्हात काम करू नका.

आधी भरपूर पाणी मारून माती सुटू द्या. मग कार शाम्पूनं वरून खाली धुवा. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायला. कपड्यांची पावडर, रॉकेल, डिझेल वापरू नका. डिझेलनं पुसलेली गाडी तासभर चमकते, पण त्या तेलकटपणावर धूळ आणखी चिकटते.

धुतल्यावरही हाताला खरखर लागत असेल, तर शाम्पूच्या पाण्यासोबत क्ले बार हलक्या हातानं फिरवा. रंगात रुतलेली घाण त्यानं निघते. क्ले खाली मातीत पडला तर तो तुकडा फेकून द्या.

मग रबर आणि प्लॅस्टिकच्या कडांना टेप लावा. एका वेळी हात-दीड हात जागा घ्या. आधी कंपाउंड, मग बारीक पॉलिश, शेवटी वॅक्स. घाई करू नका. मशीन लावणार असाल तर धारदार कडांपासून लांब राहा, तिथं रंग पातळ असतो आणि लगेच जळतो. कंपाउंड प्रत्येक वेळी थोडा थर खातं, त्यामुळे दरवर्षी मारायची ही गोष्ट नाही. वॅक्स मात्र दर दोन-तीन महिन्यांनी लावलेलं चांगलं.

गॅरेजला जाताना

फक्त टप आणि बोनेट गेलं असेल तर तेवढ्याच पॅनेलचा भाव विचारा. गाडीच्या प्लेटवरचा रंगाचा कोड सोबत न्या, म्हणजे छटा जुळते. पूर्ण वेगळा रंग द्यायचा असेल तर आरटीओकडे आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. सिरॅमिक कोटिंगची ऑफर मिळाली तरी आधी रंग दुरुस्त करून घ्या. मेलेल्या रंगावर कोटिंग केलं तर खालचे डाग तसेच राहतात.

जुनी गाडी घेताना

विकण्याआधी तेलकट पॉलिश मारून ओरखडे झाकले जातात. दोन धुण्यांत ते उघडे पडतात. म्हणून गाडी संध्याकाळी बघू नका, शाम्पूनं धुऊन दुपारच्या उन्हात बघा. टपावर चढून बघायलाही लाजू नका. बहुतेक जण तिथंच बघत नाहीत.

पुढं जपायचं कसं?

राख आणि धूळ आधी पाण्यानं उतरवा, मगच फडकं लावा. पाखराच्या विष्ठेवर ओलं कापड पाच मिनिटं ठेवा, मग उचला, घासू नका. बोअरच्या पाण्यानं धुतली तर लगेच मायक्रोफायबरनं कोरडी करा. क्षाराचे ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून पुसता येतात, नंतर साध्या पाण्यानं धुवा. आणि शेड नसली तरी निदान टपावर कव्हर टाका. फक्त गाडी धुळीची असताना टाकू नका, वाऱ्यानं कव्हर हललं की तेच घासत बसतं.