पांढरीतील जुन्या वस्तू : ओळख आणि जपणूक

महाराष्ट्रातील अनेक जुन्या गावांलगत, विशेषतः नदीकाठी, राखाडी-पांढऱ्या मातीचे टेकाड आढळते. लोक त्यास 'पांढर' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती, चुलीतील राख व केरकचरा यांचे थर साचून ही टेकाडे तयार झाली आहेत. तेथील माती वाहून नेताना, विहीर खणताना किंवा नांगरट करताना जुन्या वस्तू हाती लागतात. आता धातुशोधक यंत्रांचीही त्यात भर पडली आहे. परंतु जमिनीत धातू आहे, एवढेच यंत्र सांगते. वस्तू कोणती व कोणत्या काळातील, हे पाहणाऱ्यासच ठरवावे लागते.

गंजावरून धातू

पहिली खूण रंगाची. तांबे, पितळ व कासे यांवर हिरवट थर चढतो. शिशावर पांढुरकी पुटे येतात आणि आकाराच्या मानाने ते हाताला जड लागते. लोखंड तांबूस होऊन फुगते व त्याचे पापुद्रे सुटतात. मूळ वस्तू त्यामुळे दिसते त्याहून लहान असते. चांदी काळवंडते, सोने मात्र बदलत नाही.

नित्याच्या वापरातील वस्तू

घोड्याचा नाल एकसंध असतो. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने त्याच्या पत्र्या सुट्या व जोडीच्या असतात. शिशाची वाटोळी गोळी बहुधा जुन्या ठासणीच्या बंदुकीची असते. शेर-पावशेराची वजने दशमान पद्धतीपूर्वीची होत. १९५६ च्या कायद्यानंतर ती टप्प्याटप्प्याने मागे पडली. मध्ये भोक असलेला तांब्याचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातील असून तो पुष्कळदा यंत्राचा वॉशर समजून टाकून दिला जातो.

'श्री राजा शिव' व 'छत्रपति' ही अक्षरे असलेली शिवराई पुढेही दीर्घकाळ पाडली जात होती. म्हणून केवळ अक्षरांवरून ती शिवकालीन ठरत नाही; दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई पेशवेकाळातील मानली जाते. ज्या पैशावर तराजू व त्याच्या पारड्यांमध्ये 'अदल' म्हणजे न्याय हा शब्द फारसी लिपीत आहे, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याचा होय.

जागेचे मोल

वस्तूइतकेच ती सापडलेल्या जागेस महत्त्व असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये झुडपाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा व बैल जुंपलेला रथ अशा चार धातुमूर्ती मिळाल्या. त्या शास्त्रीय उत्खननात थरासह मिळाल्या नसल्याने त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. पुढे तेथे पद्धतशीर उत्खनन झाले, तरी उपसलेली माती पुन्हा जागच्या जागी बसविता आली नाही. सोबतची साधी खापरेही म्हणूनच मोलाची असतात. काळ्या रेघांनी रंगविलेले तांबडे खापर जोर्वे संस्कृतीचे असू शकते. या संस्कृतीस संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावाचे नाव मिळाले आहे.

सापडल्यावर काय करावे

वस्तू चिंच, लिंबू वा राखेने घासू नये. घासल्याने अक्षरे व नक्षी नष्ट होतात. जागा, खोली व तारीख लिहून ठेवावी, शक्य तर छायाचित्र घ्यावे आणि खोदकाम थांबवावे. काडतूस किंवा तोफगोळ्यासारखी वस्तू दिसल्यास तिला हात न लावता पोलिसांस कळवावे.

१८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सापडविणारा आपला वाटा गमावतो व शिक्षेसही पात्र ठरतो. निधी बेवारस ठरून जागेचा मालक माहीत असल्यास, सर्वसाधारणपणे तीन-चतुर्थांश सापडविणाऱ्यास व एक-चतुर्थांश मालकास मिळतो. शासनास तो योग्य मोबदला देऊन घेता येतो. संरक्षित स्थळी परवानगीवाचून खोदकाम करता येत नाही. तसेच १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविण्यास मनाई आहे.

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनी ही माहिती पांढरीची माती वाहणाऱ्यांपर्यंत पोहोचविली पाहिजे. राजवंशांचा इतिहास शिलालेखांत मिळतो. सामान्य माणसाच्या चुलीचा, गोठ्याचा व बाजाराचा इतिहास मात्र या टेकाडांतच साठलेला आहे, आणि एकदा वाहून गेलेला थर पुन्हा मिळत नाही.