छद्म आणि जुगुप्सा : परदेशातील एका घासाचा धडा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील राजयक्ष्मा अध्याय आपणा सर्व व्यवसायबंधूंना परिचित आहे. क्षीणमांस रुग्णास मयूराच्या नावाने गिधाड व घुबड यांचे, तित्तिराच्या नावाने कावळ्याचे, माशाच्या नावाने सर्पाचे मांस द्यावे. परतलेली गांडुळे माशाची आतडी म्हणून द्यावीत, असे तेथे सांगितले आहे. खरे कळल्यास रुग्ण जुगुप्सेने खाणार नाही, अथवा खाल्लेले ओकून टाकील, हे त्याचे कारण. विद्यार्थिदशेत हा भाग आम्ही हसत हसत पाठ केला. त्याचे मर्म उमगले ते मात्र बँकॉकमध्ये.

तेथील खाओ सान रस्त्यावर रात्री हातगाड्यांवर तळलेले रातकिडे, नाकतोडे, बांबूतील अळ्या मांडलेल्या असतात. विक्रेता त्यांवर सोया सॉस फवारतो व पांढरी मिरपूड भुरभुरतो. ईशान्य थायलंडमधील खेड्यांत हा नित्याचा आहार आहे. जगात १९००हून अधिक जातींचे कीटक खाल्ले जातात, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली नोंदविले. आम्ही मिश्राहारी असल्याने धीर करून दोन रातकिडे खाल्ले. चव भाजक्या दाण्यासारखी लागली. त्रास काही झाला नाही.

दुसऱ्या सायंकाळी सोबतच्या स्नेह्यांनी कोंबडी म्हणून काडीवर भाजलेले मांस दिले. ते आम्हांस रुचले. दोन तासांनी त्यांनी हसून सांगितले, "वैद्यराज, ती मगर होती." क्षणार्धात हृल्लास सुरू झाला आणि मागोमाग छर्दी. तोपर्यंत पोटात कोणतीही तक्रार नव्हती. द्विष्टार्थसंयोगज छर्दीचे लक्षण आम्ही अनेकांत पाहिले होते. आता स्वतः अनुभवले. आल्याच्या काढ्याने उतार पडला नाही. स्नेह्यांनी ओशाळून क्षमा मागितली, तेव्हा कोठे मन व पोट दोन्ही स्थिर झाले. या छर्दीत मनोनुकूल वाणी व आश्वासन ही चिकित्सा का सांगितली, ते त्या रात्री कळले. रातकिडे पचले, कारण ते आम्ही जाणून खाल्ले होते.

परतल्यावर आमवाताच्या एका वृद्ध जैन रुग्णा तपासणीस आल्या. मध त्यांना वर्ज्य, म्हणून अनुपानास आम्ही सदैव कोष्णजल सांगत आलो होतो. परंतु गुग्गुळकल्प मात्र नऊ महिने कॅप्सूलमधून देत होतो. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून केलेले, हे आम्हांस ठाऊक होते, त्यांना नव्हते. आम्ही छद्म योजिले नव्हते, पण सांगितलेही नव्हते. त्या दिवशी सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पिशवीतील डबी काढून टेबलावर ठेवली व म्हणाल्या, "आधी विचारलं असतंत, तर मी वेदना सोसल्या असत्या." पुढे दोन महिने त्या आल्या नाहीत. आल्या, तेव्हा कल्प चूर्णरूपात दिला.

चरकाचार्यांसमोर मरणोन्मुख, मांसबलहीन रुग्ण होता. आपल्यासमोर पर्याय उपलब्ध असतात. म्हणून ते वचन पुढे करून मौन राखण्याचा अधिकार आपणांस नाही. औषधनिर्माते व विक्रेते बंधूंनी वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल जवळ ठेवावी आणि शंख, प्रवाळ, मृगशृंग, लाक्षा यांनी युक्त कल्प देताना ते स्पष्ट सांगावे.

परदेशी जाणाऱ्या रुग्णांसही चार गोष्टी सांगाव्यात. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्याने कीटक खाऊ नयेत. तीच प्रतिक्रिया उद्भवू शकते. ईशान्य थायलंडमधील कच्च्या नदीमाशाच्या पदार्थांतून यकृतकृमी शरीरात जातो, व त्यातून पित्तवाहिनीचा कर्करोग संभवतो. जपानमधील फुगू माशाच्या विषावर उतारा नाही. त्याचे यकृत खाऊन १९७५ साली काबुकी नट बांदो मित्सुगोरो दगावले. आणि कोणी नवा पदार्थ पुढे केल्यास प्रथम त्याचे नाव विचारावे. उत्तर मिळाल्यावर नको म्हणण्यात संकोच बाळगू नये.

आम्ही आता चिकित्सालयात प्रत्येक नव्या रुग्णास एक प्रश्न विचारतो : आपणांस काय वर्ज्य आहे? उत्तर प्रकृतिपरीक्षणाच्या कागदावरच लिहून ठेवतो.